खुज्या ताऱ्यांचे चुंबकत्व आणि त्यांच्या रेडिओ-लहरी

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या सामान्य विज्ञानास पूरक पाठ)

लोहचुंबकाचा पाठ हा प्राथमिक शाळेतील मुलांचा विशेष आवडीचा पाठ होय. कागदाखाली पट्टीचुंबक धरावा, वर लोखंडाचा कीस पसरावा आणि कागदास बोटाने हलकेच टिचकी मारावी, की किसाच्या कमानी आपोआप उमटतात. ज्या वर्गात हे एकदा दाखविले जाते त्या वर्गातील मुले ते सहसा विसरत नाहीत. पुढे पृथ्वी हीसुद्धा एक मोठा चुंबक आहे असे शिक्षक सांगतात, होकायंत्राची सूची उत्तरेकडे का वळते ते समजावून देतात, आणि पाठ संपतो. परंतु वर्गात एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी असतेच. "मग सूर्यातही चुंबक आहे का? आणि ताऱ्यांत?" असा प्रश्न तिकडून येतो. या प्रश्नास "होय" एवढे उत्तर पुरे नाही. कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांत या विषयात जे कळून आले ते प्रथमदर्शनी होणाऱ्या तर्काच्या नेमके उलट आहे. लहान तारा दुबळा असणार, त्याचे चुंबकत्वही क्षीण असणार, असे कोणासही वाटेल. विद्वानांसही तसेच वाटत होते.

ज्या ताऱ्यांविषयी येथे सांगावयाचे आहे ते रात्री डोळ्यांस दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. आकाशात दिसणारे तारे म्हणजे ताऱ्यांच्या समाजाचे खरे प्रतिनिधी नव्हेत. गावच्या जत्रेत दुरून ज्याप्रमाणे फक्त उंच काठ्या आणि निशाणे दिसतात, माणसे दिसत नाहीत, तसाच काहीसा हा प्रकार आहे. सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची मोजदाद केली असता दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे लहान, तांबडे आणि अत्यंत अंधुक असतात असे आढळते. त्यांना तांबडे खुजे तारे म्हणतात. सूर्याला सर्वांत जवळचा असलेला प्रॉक्झिमा हा तारा त्यांच्यापैकीच एक. मे-जून महिन्यांत रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंगातील तेजस्वी तारा मित्र दिसतो. त्याच्याच जवळ, पण त्याच्या मानाने पृथ्वीकडे किंचित अलीकडे, सव्वाचार प्रकाशवर्षांवर प्रॉक्झिमा आहे. असे असूनही १९१५ पर्यंत तो कोणास ठाऊक नव्हता. जोहान्सबर्गच्या वेधशाळेतील रॉबर्ट इनेस यांनी त्या वर्षी छायाचित्रांच्या काचा ताडून पाहून तो शोधला. त्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढे आहे, पण त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा सूर्याच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्याइतकीच आहे. सूर्याचे पृष्ठ सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तप्त आहे, प्रॉक्झिमाचे सुमारे २,७००.

आकारांची कल्पना देण्यासाठी फळ्यावर आकडे लिहिण्यापेक्षा वस्तू दाखवाव्यात. सूर्य म्हणून बैलगाडीचे सुमारे १४० सेंटिमीटर व्यासाचे चाक धरले, तर प्रॉक्झिमा हा साधारण एक लहानसा भोपळा होईल, सर्वांत लहान तारे सोललेल्या नारळाएवढे होतील आणि पृथ्वी एखाद्या बोराएवढी. गुरू ग्रहही या मापात नारळाएवढाच ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्वांत लहान तारा आणि गुरू यांचा आकार जवळजवळ सारखा. पण त्या ताऱ्यात सुमारे ऐंशी गुरूंचे द्रव्य कोंबलेले असते. सूर्याच्या शेकडा सात-आठ भागांहून वस्तुमान कमी असले तर गर्भ पुरेसा तापत नाही, हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर टिकून राहत नाही, आणि ती वस्तू तारा न होता हळूहळू निवत जाते. अशा वस्तूंना तपकिरी खुजे असे नाव आहे. तारा आणि ग्रह यांच्या सीमेवर वसलेली ही मंडळी होत. या पाठात पुढे जे सांगावयाचे आहे त्यातील पुष्कळसे या सीमेवरच घडले.

ताऱ्यात चुंबकत्व कोठून येते?

ताऱ्यात लोखंडाचा तुकडा नसतो. पुरेशा तापलेल्या लोखंडाचेही चुंबकत्व नाहीसे होते, हे शिक्षकांस माहीत आहे. मग ताऱ्यास चुंबकत्व कसे, हे समजण्यासाठी दोन साधे प्रयोग आवश्यक आहेत. पहिला ओर्स्टेड यांचा, १८२० सालचा: होकायंत्रावर तार धरून तिच्यातून विजेरीचा प्रवाह सोडावा, सूची हलते. म्हणजे जेथे विद्युत्प्रवाह तेथे चुंबकत्व. दुसरा प्रयोग पाण्याचा. पातेल्यात पाणी घेऊन त्यात थोडा लाकडाचा भुसा टाकावा आणि मधोमध मंद आच द्यावी. भुसा मध्यभागी वर येतो, कडेला सरकतो, खाली जातो आणि पुन्हा वर येतो. हेच अभिसरण. ताऱ्यातील वायू इतका तप्त असतो की त्याचे अणू फुटून विद्युत्भारित कण मोकळे झालेले असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. असा विद्युत्वाहक वायू खालीवर उकळतो आणि तारा स्वतःभोवती फिरतो. या दोहोंच्या संयोगाने आधीचे क्षीण चुंबकत्व ताणले जाते, पिळले जाते आणि वाढते. सायकलच्या डायनॅमोत गतीपासून वीज निर्माण होते, तद्वत येथे गतीपासून चुंबकत्व पोसले जाते. म्हणून या क्रियेसही डायनॅमो असेच म्हणतात.

सूर्याच्या बाबतीत एक विशेष आहे. त्याच्या त्रिज्येचा आतील सुमारे सत्तर टक्के भाग उकळत नाही. तेथून उष्णता प्रारणाने बाहेर येते. फक्त बाहेरचा तीस टक्के थर उकळतो. आतला भाग एखाद्या घन गोळ्यासारखा एकाच वेगाने फिरतो, तर बाहेरचा थर विषुववृत्ताशी जलद व ध्रुवांकडे सावकाश. या दोन भागांच्या सांध्यावर मोठे घर्षण होते, आणि सूर्याचे चुंबकत्व मुख्यतः त्या सांध्यावर निर्माण होते अशी समजूत दीर्घकाळ चालत आली. परंतु सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक एवढ्याच वस्तुमानाच्या खालचे जे तारे आहेत ते गाभ्यापासून पृष्ठापर्यंत सबंधच उकळतात. त्यांत सांधाच नाही. तेव्हा सांधा नाही तर डायनॅमोही क्षीण, असा निष्कर्ष सरळ निघत होता. तो चुकीचा ठरला.

चुंबकत्व इतक्या दुरून मोजतात कसे, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र महाराष्ट्रात सुमारे ०.४ गॉस आहे. शाळेतील चांगल्या पट्टीचुंबकाच्या टोकाशी ते काहीशे गॉस असते. १८९६ मध्ये हॉलंडमधील पीटर झीमान यांना असे आढळले की, प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली असता तिच्या वर्णपटातील रेषा रुंदावतात. क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर त्या दुभंगतात. १९०८ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज हेल यांनी माउंट विल्सन येथे सूर्यावरील डागांच्या वर्णपटात अशाच दुभंगलेल्या रेषा पाहिल्या. तेथे सुमारे तीन हजार गॉस क्षेत्र होते. सूर्यावर एवढे प्रबळ क्षेत्र डागांपुरतेच असते. डाग पृष्ठाचा अत्यल्प भाग व्यापतात. पुढे १९८५ मध्ये सिंह राशीतील ए. डी. लिओनिस या तांबड्या खुज्या ताऱ्यावर सुमारे ३,८०० गॉस क्षेत्र पृष्ठाच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरलेले आढळले. २०१७ मध्ये सप्तर्षीच्या तारकासमूहातील डब्ल्यू. एक्स. या अंधुक ताऱ्याचे क्षेत्र सात हजार गॉसहून अधिक भरले. म्हणजे सूर्यावर जो प्रकार दोन-चार डागांत, तो या ताऱ्यांवर जणू सर्वांगाला.

भडका आणि खरखर

ज्या घरी मध्यम लहरींचा रेडिओ-संच अजून असेल तेथे पावसाळ्यात एक अनुभव येतो. आकाशात वीज चमकली की त्याच क्षणी रेडिओत खरखर होते. गडगडाट मागाहून ऐकू येतो. विजेरीच्या तारा एकमेकींस लावून ठिणगी पाडली तरी जवळच्या रेडिओत टकटक ऐकू येते. हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. जेथे विद्युत्कणांना अकस्मात धक्का बसतो तेथून रेडिओ-लहरी निघतात, एवढे त्यावरून मुलांस समजले म्हणजे पुरे. याच वेळी एक गैरसमज दूर करावा. रेडिओ-लहरी म्हणजे आवाज नव्हे. त्या प्रकाशाच्याच जातीच्या आहेत, फक्त त्यांची लांबी फार मोठी; आवाज तर संचातील ध्वनिक्षेपक करतो. तारा "बोलतो" असे वर्तमानपत्री मथळे येतात, त्यांनी मुलांचा उगाच घोटाळा होतो.

फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लष्करी रडार-यंत्रे एकाएकी निकामी झाल्यासारखी झाली. शत्रूने केलेला हा अडथळा असावा अशी शंका आली. परंतु जेम्स हे या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा अडथळ्याची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे आढळले. त्या दिवसांत सूर्यावर एक मोठा डाग आला होता. सूर्यावरील भडके रेडिओ-लहरी सोडतात हे अशा रीतीने युद्धाच्या धामधुमीत कळले.

तांबड्या ताऱ्याचा एक मोठा भडका प्रकाशात दिसला तो १९४८ मध्ये. तिमिंगल तारकासमूहात, सुमारे पावणेनऊ प्रकाशवर्षांवर, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन खुज्या ताऱ्यांची एक जोडी आहे. लायटेन यांनी ती शोधून काढली होती. त्यांपैकी एकाचे, म्हणजे ज्यास आता यू. व्ही. सेटी म्हणतात त्याचे, तेज काही मिनिटांत कितीतरी पटींनी वाढून पुन्हा ओसरले. सूर्यावर मोठा भडका उडाला तरी सूर्याच्या एकूण प्रकाशात तो लक्षात येत नाही. येथे ठिणगीने दिव्यालाच झाकून टाकले!

इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक येथे २५० फूट व्यासाची रेडिओ-दुर्बीण १९५७ मध्ये उभी राहिली. बर्नार्ड लव्हेल यांनी पुढच्याच वर्षापासून ती भडकणाऱ्या ताऱ्यांकडे रोखण्यास आरंभ केला. हे काम वरवर पाहता वेडेपणाचे होते. वरच्या वर्गातील मुलांकडून त्याचा हिशेब करून घ्यावा: यू. व्ही. सेटी सूर्यापेक्षा सुमारे साडेपाच लक्ष पट दूर आहे. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. तेव्हा साडेपाच लक्षांचा वर्ग केला पाहिजे. उत्तर सुमारे तीस हजार कोटी येते. सूर्याचा भडका उचलून तेथे नेऊन ठेवला तर तो तीस हजार कोटी पटींनी मंद होईल, आणि कोणत्याही दुर्बिणीस त्याचा पत्ता लागणार नाही. लव्हेल यांना तरीही काही ऐकू आले. पण ते ताऱ्याचे, की जवळून गेलेल्या एखाद्या मोटारीच्या ठिणगीचे? ही शंका खरी होती आणि ती केवळ रेडिओने फिटणारी नव्हती. तेव्हा अमेरिकेतील फ्रेड व्हिपल यांनी साहाय्य केले. कृत्रिम उपग्रहांचा माग ठेवण्यासाठी जगभर ठिकठिकाणी मोठे छायाचित्रक कॅमेरे बसविले होते. त्या प्रकारचा एक कॅमेरा भारतात नैनिताल येथेही होता. असे कॅमेरे आणि रेडिओ-दुर्बीण एकाच वेळी एकाच ताऱ्यावर लावण्यात आली. प्रकाशाचा भडका आणि रेडिओची उसळी जुळून आल्या, आणि १९६३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूर्य सोडून इतर साध्या ताऱ्याची रेडिओ-लहर पकडल्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी होय. एका साक्षीदारावर विसंबू नये, दुसरा स्वतंत्र साक्षीदार आणावा, ही जी रीत न्यायालयात तीच प्रयोगशाळेत.

लहरीवरून क्षेत्र

रेडिओ-लहरींचा आणखी एक मोठा उपयोग आहे. चुंबकीय क्षेत्रात सापडलेला इलेक्ट्रॉन सरळ जाऊ शकत नाही. दाव्याला बांधलेल्या खोंडाप्रमाणे तो क्षेत्ररेषेभोवती गरगर फिरतो. तो सेकंदात किती फेरे घालील हे जवळजवळ सर्वस्वी क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते: दर गॉसला २८ लक्ष फेरे. काही विशिष्ट परिस्थितीत असे असंख्य इलेक्ट्रॉन एका ठेक्यात फिरून अतिशय प्रखर रेडिओ-लहर सोडतात, आणि तिची कंपनसंख्याही तीच असते. मग क्षेत्र काढणे म्हणजे केवळ भागाकार राहिला.

हा भागाकार प्रथम गुरू ग्रहावर उपयोगी पडला. १९५५ मध्ये बर्क व फ्रँकलिन यांना अमेरिकेत गुरूपासून येणाऱ्या रेडिओ-लहरींचा अकल्पितपणे शोध लागला. या लहरी सेकंदाला सुमारे चार कोटी कंपनांपर्यंत येतात आणि त्यापुढे एकदम थांबतात. चार कोटींना अठ्ठावीस लक्षांनी भागले की चौदा येतात. म्हणजे गुरूचे सर्वाधिक क्षेत्र चौदा गॉसच्या आसपास असले पाहिजे. १९७३ व १९७४ मध्ये पायोनियर याने गुरूजवळून गेली तेव्हा मोजमाप त्याच घरात निघाले.

आता तपकिरी खुज्यांकडे वळू. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अशी समजूत होती की, ताऱ्याचे क्ष-किरण जेवढे प्रबळ तेवढ्याच प्रमाणात त्याच्या रेडिओ-लहरी असतात. सूर्यापासून ए. डी. लिओनिसपर्यंत हा नियम ठीक लागू पडत होता. त्या हिशेबाने तपकिरी खुज्यांच्या रेडिओ-लहरी इतक्या क्षीण असाव्यात की त्या शोधण्याच्या भानगडीत पडूच नये. २००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या माळावरील सत्तावीस तबकांच्या रेडिओ-दुर्बिणीच्या संस्थेत काही महाविद्यालयीन विद्यार्थी सुटीतील शिक्षणक्रमासाठी आले होते. त्यांना दुर्बिणीचे थोडे तास वापरावयास मिळाले. एडो बर्गर या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी एल. पी. ९४४-२० या तपकिरी खुज्याकडे दुर्बीण रोखली. काही सापडेल अशी अपेक्षा प्रचलित मतानुसार जवळजवळ नव्हतीच. सापडले ते अपेक्षेच्या हजारो पट प्रबळ होते! मार्च २००१ मध्ये ही वार्ता 'नेचर' या नियतकालिकात छापून आली. त्या विद्यार्थ्यांजवळ जाणत्यांपेक्षा अधिक ज्ञान होते असे नाही. वेळ जवळ होता, आणि "तेथे काही नसणारच" हे वाक्य पडताळून पाहिलेले नाही एवढे त्यांस दिसले. वर्गात "हे असे होणारच नाही" असे म्हणून प्रयोग टाळण्याचा मोह शिक्षकांसही कधीकधी होतो, म्हणून हा वृत्तान्त येथे थोडा सविस्तर दिला आहे.

पुढे २००७ मध्ये आयर्लंडमधील ग्रेग हॅलिनन व त्यांचे सहकारी यांनी टी. व्ही. एल. एम. ५१३ या नावाच्या, सुमारे पस्तीस प्रकाशवर्षांवरील खुज्या ताऱ्याकडून येणाऱ्या लहरी तासन्‌तास टिपल्या. दर १ तास ५७ मिनिटांनी एक प्रखर उसळी येत असे, एखाद्या दीपगृहाच्या झोताप्रमाणे. तो ताऱ्याचा स्वतःभोवती फिरण्याचा काळ होता. सूर्याला एका फेऱ्यास जवळजवळ महिना लागतो, आणि हा तारा दोन तासांच्या आत फिरतो. त्याची उकळी आणि त्याची गिरकी मिळून डायनॅमो का प्रबळ होतो ते यावरून दिसते. अशा उसळ्या सेकंदाला ८४० कोटी कंपनांच्या आसपासही मिळाल्या. मुलांनी भागाकार करावा. उत्तर तीन हजार गॉस येते: हेल यांनी सूर्यावरील डागात जे क्षेत्र पाहिले तेवढे, आणि येथे ते ज्या गोळ्यावर आहे तो आकाराने गुरूएवढा!

या लहरी सूर्याच्या भडक्यासारख्या नसून गुरूच्या ध्रुवप्रभेसारख्या आहेत, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशात रात्री आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलताना दिसतात, ते क्षेत्ररेषांवरून धावत आलेले इलेक्ट्रॉन वातावरणावर आदळल्यामुळे. २०१५ मध्ये स्वरमंडल तारकासमूहातील, साडेअठरा प्रकाशवर्षांवरच्या एल. एस. आर. जे१८३५ या सीमेवरच्या वस्तूवर अशीच ध्रुवप्रभा असल्याचे रेडिओ व प्रकाश या दोन्ही मार्गांनी सिद्ध झाले. पुन्हा दोन साक्षीदार! २०२३ मध्ये मेलोडी काओ यांच्या गटाने हवाईपासून जर्मनीपर्यंत पसरलेली ३९ तबके एकत्र जोडून याच वस्तूभोवतीच्या विद्युत्कणांच्या पट्ट्याचे चित्र मिळविले. दोन्ही अंगांस दोन फुगीर कान असावेत तसे ते दिसते. सूर्यमालेच्या बाहेर असा पट्टा प्रथमच चित्रित झाला. त्याच वर्षी सिडनीच्या संशोधकांनी केवळ सव्वाचारशे अंश सेल्सिअस तापमानाच्या एका तपकिरी खुज्याकडून रेडिओ-लहरी येत असल्याचे दाखविले. इतके तापमान धुमसत्या शेकोटीतही असते.

एवढ्यावरून सर्वच खुजे तारे रेडिओ-लहरी सोडतात असे मात्र मुलांस सांगू नये. सर्वांत थंड गटातील शंभरांपैकी पाच ते दहाच सोडताना आढळले आहेत. सात ग्रह असलेला प्रसिद्ध ट्रॅपिस्ट-१ हा तारा या बाबतीत मुका आहे. आणि तिमिंगलातील ती जोडी तर मोठे कोडे होऊन बसली आहे. दोन्ही तारे एकत्र जन्मलेले, वस्तुमान जवळजवळ सारखे, दोघेही पाच-सहा तासांत एक फेरा घेणारे. तरीही २०१७ मध्ये त्यांच्या क्षेत्रांचे नकाशे काढले तेव्हा यू. व्ही. सेटीचे क्षेत्र पट्टीचुंबकासारखे नीटनेटके व प्रबळ, आणि त्याच्या जोडीदाराचे विस्कळीत आढळले. एकाच घरातील, एकाच ताटात जेवलेल्या दोन भावंडांत एवढा फरक का पडावा, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.

"तिथे कोणी राहते का?"

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो टाळू नये. खुजे तारे सर्वांत अधिक संख्येने आहेत, ते अब्जावधी वर्षे सावकाश जळत राहतात, आणि त्यांच्याभोवती पृथ्वीएवढे ग्रह पुष्कळ सापडले आहेत. प्रॉक्झिमाभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये कळला. तो आपल्या ताऱ्यापासून अवघ्या ७३ लक्ष किलोमीटरांवर फिरतो आणि त्याचे वर्ष सव्वाअकरा दिवसांचे आहे. तारा मंद असल्यामुळे इतक्या जवळ असूनही त्या ग्रहावर पाणी द्रवरूपात असणे शक्य आहे. पण शेकोटीजवळ बसणाऱ्यास ऊब मिळते तशा ठिणग्याही लागतात. १ मे २०१९ रोजी प्रॉक्झिमावर असा भडका उडाला की अतिनील किरणांत त्याचे तेज काही सेकंदांत चौदा हजार पट झाले. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियातील रेडिओ-दुर्बिणीने त्याच्याकडून प्रबळ रेडिओ-उसळ्या टिपल्या. असे भडके कोट्यवधी वर्षे सोसल्यावर त्या ग्रहावर हवा उरली असेल काय? ग्रहास स्वतःचे चुंबकत्व असेल तर ते ढालीप्रमाणे उपयोगी पडेल असे काही मानतात, तर ढालीचा उपयोग वाटतो तेवढा नाही असे दुसरे काही. म्हणून मुलांस "पाणी असू शकेल; हवा टिकली असेल की नाही ते तपासणे चालू आहे; कोणी राहत असल्याचा काहीही पुरावा नाही" एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आणि रेडिओ-लहर आली म्हणजे ती कोणी पाठविली असे मुळीच नव्हे, हेही.

अशा ग्रहांचा ठाव रेडिओने लागण्याची एक वाट मात्र दिसू लागली आहे. गुरूचा आयो हा चंद्र गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरताना वीज उत्पन्न करतो आणि गुरूच्या रेडिओ-लहरींस चेतवितो, हे १९६४ पासून माहीत आहे. २०२० मध्ये हरीश वेदान्तम् व त्यांचे सहकारी यांनी नेदरलँड्समधील रेडिओ-दुर्बिणीने जी. जे. ११५१ या शांत खुज्या ताऱ्याकडून अशाच प्रकारच्या लहरी टिपल्या. एखादा जवळचा ग्रह आयोचे काम करीत असावा असा त्यांचा तर्क आहे. त्याच वर्षी त्यांच्याच गटाने एक तपकिरी खुजा प्रथम रेडिओने हुडकला, आणि मग तो प्रकाशाच्या दुर्बिणींनी पाहिला. तोपर्यंत क्रम नेहमी उलटा असे.

जवळची ठिकाणे

चुंबकत्वाची मोजणी आणि रेडिओ-दुर्बीण या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात पाहावयास मिळतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर एक प्रचंड भडका पाहिला, आणि पुढे एक दिवस उलटण्याच्या आतच कुलाब्याच्या चुंबकसूचींनी कधी नव्हे एवढी उसळी घेतली; ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार असे ठरल्यावर सूचींना त्यांचा उपद्रव होईल हे ओळखून मोजणीचे काम १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले. तेथील इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले आहे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मीटर-लहरींची रेडिओ-दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाची तीस तबके सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या टापूत शेतांमधून पसरलेली आहेत, आणि ती पोलादी तारांच्या जाळीची असल्यामुळे वाऱ्यास वाट देतात. सूर्याव्यतिरिक्त ए. डी. लिओनिससारख्या खुज्या ताऱ्यांकडेही ती रोखली गेली आहे. ट्रामचा प्रश्न येथे नव्या रूपाने उभा आहे: कारखान्यांतील यंत्रे, ठिणग्या, भ्रमणध्वनींचे मनोरे, आणि २०२४-२५ च्या सुमारास पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाची आखणी. शेजारच्या गावातील एक ठिणगी पन्नास प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यास सहज बुजवून टाकते, हे विजेरीचा प्रयोग केलेल्या मुलांस निराळे समजावून द्यावे लागणार नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे दुर्बीण लोकांस पाहण्यासाठी खुली करतात आणि शाळांतील मुलांनी केलेले प्रयोगही मांडतात. जवळच्या तालुक्यांतील शाळांनी सहल नेताना मुलांजवळ एक होकायंत्र व थोडा लोखंडाचा कीस द्यावा. भ्रमणध्वनी मात्र शिक्षकांनीही बंद ठेवावेत.